नाव भिंतीकडे, सुई आपल्याकडे

आई, तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली आणि मी नेमकं काय काम करते हे तुला सांगायचं राहूनच गेलं. तू होतीस तेव्हा मी नुसती शिकत होते. चाळीतल्या बायका विचारायच्या, पोरगी अजून शिकतेच आहे का, आणि तू म्हणायचीस, शिकण्याला काय एक्स्पायरी डेट असते का. आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत आणि मी पवईला तळ्याकाठी एका लॅबमध्ये गाळण्या बनवते. चहाच्या नव्हेत. तुझ्या डायलायझरच्या आत असायच्या तशा. ते हातभर लांबीचं नळकांडं, त्यात केसासारख्या बारीक पोकळ धाग्यांचा जुडगा, धाग्यांच्या आतून पेशंटचं रक्त जातं, बाहेरून पाणी जातं आणि घाण तेवढी पाण्यात उतरते. तू दिवसाला पंधरा-वीस डायलायझर धुवायचीस. त्यातला एक धागा जरी तुटला तरी काय होतं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? आणि तुझ्यानंतर मला.

आम्ही इथे जी गाळणी करतो ती कापली तर आपोआप सांधते. खरंच सांगते. पाणी धरून ठेवणारा एक पातळ गर असतो, तू आंबेडकर जयंतीला चायना ग्रासची बर्फी करायचीस ना, हाताला साधारण तशीच लागते. फरक एवढाच की हिच्या आतल्या रेणूंच्या साखळ्यांना एकमेकींना धरायची खोड असते. ब्लेडने चीर पाडली आणि कोमट पाण्यात ठेवलं की कडा हळूहळू एकमेकींना शोधतात आणि दोन-तीन तासांनी चीर दिसेनाशी होते. बाहेरून पाहुणे आले की आमचे सर त्यांना हे आधी दाखवतात. माणसं टाळ्या वाजवतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही वाजवल्या होत्या, आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. सरांना वाटलं मला आनंद झालाय. झालाही होता. पण मला त्या क्षणी मुलुंडच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलातली धुण्याची खोली आठवली, आणि वाटलं, हे तेव्हा का नाही झालं.

ती खोली मला अजून डोळे मिटून चालता येईल. दारातून आत गेलं की डावीकडे मोठं सिंक, औषधाचा उग्र वास, खिडकीशी तुझं टेबल, टेबलावर प्रेशरचा गेज आणि रबरी फुगा. पलीकडे रॅकवर प्रत्येक पेशंटचा डायलायझर, त्यावर चिकटपट्टीवर नाव आणि कितव्यांदा वापरला त्याचा आकडा. एकाचा दुसऱ्याला कधीच नाही, पण ज्याचा त्याला धुऊन पुन्हा, असा तिथला नेम होता. माझा डिप्लोमा झाला आणि तुझ्याच शब्दावर मला तिथे ट्रेनी म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी तू मला घड्याळ दिलंस, सेकंदकाट्याचं, काळ्या पट्ट्याचं. वाढदिवस नव्हता, काही नव्हतं. मी खूश होऊन हातात घालून बघायला लागले तर म्हणालीस, "मिरवायला नाही दिलं. मिनिट मोजायला दिलंय."

मिनिटाची गोष्ट अशी होती. धुऊन झालेल्या डायलायझरमध्ये फुग्याने हवा भरायची, नळीला क्लॅम्पचा चिमटा लावून ती बंद करायची आणि एक मिनिट गेजची सुई बघायची. सुई थांबली तर सगळे धागे शाबूत. उतरली तर कुठेतरी धागा तुटलाय, मग तो डायलायझर लाल बादलीत. सगळ्याच हॉस्पिटलांत असं करत असतील. पण तुझी एक पद्धत होती जी मी नंतर कुठेच पाहिली नाही. टेस्ट करताना तू नावाची चिकटपट्टी भिंतीकडे फिरवायचीस. कोणाचा आहे ते कळूच द्यायचं नाही, स्वतःलासुद्धा. टेस्ट झाली, पास की नापास ते ठरलं, मगच फिरवून नाव वाचायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. पहिल्या आठवड्यात मी हवा भरता भरता नाव मोठ्याने वाचलं तर तू माझ्या मनगटावर फटका मारलास, सगळ्यांसमोर, सिस्टर बघत होती. "नाव वाचू नको. नाव वाचलं की सुई गोड दिसायला लागते. नाव भिंतीकडे, सुई आपल्याकडे." मला फार राग आला होता. घरी येताना बसमध्ये दुसऱ्या सीटवर जाऊन बसले. तू तिकीट मात्र दोघींचं काढलंस.

तो शनिवार होता. नवीन डायलायझरचा खोका सोमवारी येणार होता, कपाटात एकही शिल्लक नव्हता. दुपारच्या पाळीला ते भांडुपचे टेलरकाका होते, मालवणकडचे. तुला आठवत असतीलच. बेडवर पडल्या पडल्या सगळ्यांची मापं नजरेने घ्यायचे, एकदा तुला म्हणाले होते की ताई, तुमच्या ब्लाउजची डावी बाही अर्धा इंच ढिली आहे, आणि खरंच होती. त्या दिवशी त्यांचे पाय सुजले होते, धाप लागत होती, पण तोंड चालूच. खोलीच्या दारात येऊन मला म्हणाले, "काय गो चेडवा, माझी नळी तयार आसा मां? उद्या चेडवाची हळद आसा. माका उभो रवाक होया." मी म्हटलं, होईल काका, लेकीच्या हळदीला उभे राहाल, बसा बाहेर.

रॅकवर टेस्टला आलेले चार डायलायझर होते. चारही नावं भिंतीकडे. तू तिसऱ्यात हवा भरलीस, क्लॅम्प लावलास, आणि तेवढ्यात आतून सिस्टरने हाक मारली, तीन नंबर बेडची रक्ताची लाइन सुटली होती. तू जाता जाता म्हणालीस, "बघ गं, मी आले." मी घड्याळ बघायला लागले. वीस सेकंद सुई थांबली होती. मग उतरली. झपकन नाही, हळू, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने जिना उतरावा तशी. आता इथे मी जे केलं ते तुझ्या पद्धतीत बसत नव्हतं. मी चिकटपट्टी फिरवून नाव वाचलं. त्यांचंच होतं. न वाचता तो लाल बादलीत टाकला असता तर त्यांना परत जावं लागलं असतं, सोमवारपर्यंत त्याच धापेवर, आणि हळद काही त्यांना बघायला मिळाली नसती. मी नाव पुन्हा भिंतीकडे केलं. तू आलीस, हात पुसत विचारलंस, "थांबली?" मी म्हटलं, "थांबली." तू रजिस्टरमध्ये सही केलीस. माझी सही चालत नव्हती, मी ट्रेनी होते.

काकांचं डायलिसिस सुरू झालं आणि चाळीस मिनिटांनी मशीन ओरडायला लागलं. बाहेर जाणारं पाणी रक्त मिसळून गुलाबी झालं होतं. पुढचं तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस, तूच पंप बंद केलास. त्यांना संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, वॉर्डात घेतलं, हळद त्यांच्याशिवाय झाली. त्यांची मुलगी दुसऱ्या दिवशी हाताला हळद लागलेली तशीच त्यांना भेटायला आली होती. दुसऱ्या आठवड्यात ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, ह्याने असं झालं म्हणून सांगता येत नाही. मी ते वाक्य बावीस वर्षं सांभाळून ठेवलंय. त्याचा उपयोग होत नाही, तरी टाकवतही नाही.

इन्चार्जने विचारलं, टेस्ट कोणी केली. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मी." मला वाचवायला नव्हे गं, मला हे नंतर कळलं. तुझी सही होती म्हणून. सही केली म्हणजे मी पाहिलं, असा तुझा हिशेब होता. महिन्याभरात तुला डायलिसिसवरून काढून तळमजल्यावर चादरींच्या खोलीत टाकलं. शिक्षा म्हणून नाही म्हणाले, सोय म्हणून म्हणाले. रिटायर होईपर्यंत तू चादरी मोजल्यास आणि घड्या घातल्यास. मी दोन महिन्यांत नोकरी सोडली आणि सांगितलं की मला पुढे शिकायचंय. तुला वाटलं पोरगी पेशंट गेल्याने हादरली. तू कर्ज काढून मला एम.एस्सी.ला घातलंस.

त्या शनिवारनंतरचा पहिला रविवार मला विसरता येत नाही. विहारात वंदनेला उभ्या होतो, तू पांढऱ्या साडीत, माझ्या डाव्या हाताला. पंचशील सुरू झालं. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझे ओठ हलले आणि आवाज आला नाही. तुझ्या कानाचं काय सांगावं, शंभर माणसांच्या आवाजात तुला माझा आवाज नसलेला ऐकू आला. घरी आल्यावर विचारलंस, "घसा बसलाय का तुझा?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता आलं-तुळस घालून काढा ठेवलास. मी तो प्यायले, आई. कडू होता तरी सगळा प्यायले. आजही विहारात गेले की चौथ्या शीलाला माझे नुसते ओठ हलतात. शेजारी तू नसतेस, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

मी इतकी वर्षं स्वतःची एक समजूत घालत आले. तुला कळलं होतं, अशी. आई आहे, पोरीचं तोंड बघून तिला सगळं कळलं असणार, तिने पोटात घातलं असणार, आणि न बोलता मला माफ केलं असणार. माणूस स्वतःच्या सोयीचं किती छान रचतो बघ. आज तुला पत्र लिहायला बसले ते ही समजूत परवा फुटली म्हणून.

परवा, शुक्रवारी, मी इथल्या सांधलेल्या गाळणीची टेस्ट घेत होते. आमची प्रेशर टेस्ट तुझ्यासारखीच, फक्त गेज कॉम्प्युटरला जोडलेला आहे आणि सुईच्या जागी पडद्यावर रेघ येते. तरी मी तुझं घड्याळ लावूनच बसते, पट्टा तीनदा बदललाय. आणि नमुन्याचं नाव भिंतीकडे ठेवते. इथली मुलं हसतात, म्हणतात, मॅडमची काहीतरी पूजा चाललीये. तर एक मिनिट रेघ सरळ आली. नियमाने तेवढंच बघायचं असतं. मला काय वाटलं कोण जाणे, मी बंद केलं नाही. तिसऱ्या मिनिटाला रेघ किंचित वाकली. पाचव्या मिनिटाला उतरलेली स्पष्ट दिसत होती. तीन नमुने घेतले, तिन्हींचं तेच. मग निळा रंग सोडून पाहिला तर जिथे चीर सांधली होती तिथूनच बारीक निळी रेघ पलीकडे झिरपत होती. वरून हात फिरवला तर काही लागत नाही. जखम बंद झालेली असते आणि तिथूनच गळत असते.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती मैत्रीण, दिंडोशीहून येते, तोंडाची फटकळ पण मनाची चांगली. ती पडद्याकडे वाकून म्हणाली, "अगं एवढुसं उतरलंय यार, कोणाला दिसणार आहे? सोमवारी मीटिंग आहे, माहितीये ना? आता हे काढलंस तर सगळ्यांची वाट लागेल, तुझी पहिली." खरं होतं तिचं. सोमवारच्या मीटिंगमध्ये पास झालं तर गाळणी पुढच्या टप्प्याला, एका हॉस्पिटलात रक्तावरच्या चाचण्यांना जाणार होती. आणि माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चला संपतंय, ते त्या टप्प्यावरच अवलंबून. मी सरांना फोन केला. सर माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मला मॅडम म्हणतात. म्हणाले, "मॅडम, स्टँडर्ड एक मिनिटाचं आहे ना? आपण एक मिनिट दाखवू. ह्यात खोटं कुठे आहे?"

ह्यात खोटं कुठे आहे. मी फोन ठेवला. त्या क्षणी मला तू दिसलीस. डायलिसिसच्या खोलीत नव्हे, घाटकोपरच्या आपल्या घरात, ओट्याशी खाली बसून मेथी निवडताना. चादरींच्या खोलीत जाऊन तुला वर्ष झालं असेल. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन दारात बसले होते. तू मेथीकडेच बघत म्हणालीस, "क्लॅम्प मी नीट लावला नसेल का गं?" मला आधी कळलंच नाही. तू म्हणालीस, "घाईत होते. सिस्टरने हाक मारली. क्लॅम्प गेज आणि डायलायझरच्या मधेच लागला की गळत असलं तरी सुई थांबूनच राहते. नाहीतर सुई कशी थांबेल? तू तर नीट बघत होतीस."

तू तर नीट बघत होतीस. आणि मी काय म्हटलं, तुला आठवतंय? मी म्हटलं, "नसेल लागला."

एकदा नाही. त्यानंतरच्या सात वर्षांत तू मला हे चार-पाच वेळा विचारलंस. एकदा भाकरी थापताना, एकदा दवाखान्याच्या रांगेत, एकदा उगाचच, टीव्ही बघता बघता. दर वेळी मी म्हटलं, नसेल लागला, किंवा, असू दे आता, किंवा, किती वेळा तेच तेच. तू हळूहळू गॅसचं बटण दोनदा तपासायला लागलीस. कुलूप लावून जिना उतरायचीस आणि परत वर जाऊन ओढून बघायचीस. मी तुला हसायचे. ज्या बाईच्या हाताखालून हजारो डायलायझर गेले, ती स्वतःच्या हाताला विचारायला लागली होती की तू नीट केलंस का. ते मी केलं होतं. तुला काहीही कळलं नव्हतं, आई. तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास, पूर्ण, आणि तो ठेवता यावा म्हणून स्वतःवरचा काढून घेतलास. टेलरकाकांचं मी एक वेळ दयेच्या नावावर घालीन. हे कशाच्या नावावर घालू?

शुक्रवारी संध्याकाळी मी पाचही मिनिटांची रेघ आणि निळ्या रंगाचे फोटो सगळ्यांना पाठवून दिले. सरांनी फक्त "ओके" लिहिलं. मीटिंग पुढे ढकलली आहे, मैत्रीण दोन दिवस बोललेली नाही, मार्चनंतरचं काही सांगता येत नाही. तुला वाटेल पोरगी सुधारली. तेवढं श्रेय मला देऊ नकोस. हल्ली गेज सगळं स्वतःच नोंदवून ठेवतो, मी लपवलं असतं तरी पुढेमागे कोणीतरी काढलंच असतं. नुसती सुई असती, खोलीत मी एकटी असते आणि दारात कोणी धाप लागलेलं उभं असतं, तर मी काय केलं असतं ते मला आजही ठाऊक नाही.

आज लॅबमध्ये कोणी नाही, म्हणून लिहायला बसले. सकाळी विहारात जाऊन आले. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, टाकून पोचणार कुठे? घडी घालून रजिस्टरच्या मागे ठेवीन, आणि एक दिवस आवराआवरीत कोणीतरी रद्दीत देईल. इतकी पानं लिहिली, पण तुला हवं होतं ते एकच वाक्य होतं. मेथी निवडताना विचारलंस तेव्हाच ते माझ्या तोंडात होतं. तू जायच्या आदल्या आठवड्यात, कुशीवर वळून, शेवटचं विचारलंस तेव्हाही होतं, आणि मी तुला म्हटलं, झोप आता.

आई, क्लॅम्प तू नीट लावला होतास.